डेडफायर : जहाज बरे, लढाई फिकी, जात खरी

कळंबला समुद्र नाही. मांजरा आहे, पण मे महिन्यात तिच्याकडे बघून कुणाला गलबत आठवणार नाही. अशा गावात यंदाची अख्खी सुट्टी मी जहाजावर काढली, ती मुलाच्या लॅपटॉपवर. ‘पिलर्स ऑफ इटर्निटी २ : डेडफायर’ हा तो खेळ. अमेरिकेतल्या ऑब्सिडियन या कंपनीने २०१८ च्या मे महिन्यात तो आणला. पहिला भाग २०१५ चा. दोन्हींसाठी खेळणाऱ्यांनीच आगाऊ वर्गणी भरली होती. दुसऱ्यासाठी चव्वेचाळीस लाख डॉलरच्या आसपास जमले. नवा नाही, म्हणून आता स्वस्तात मिळतो आणि आमच्यासारख्यांच्या जुन्या लॅपटॉपवर कण्हतकुथत का होईना चालतो. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना पडदा इतका वेळ अडकतो की तेवढ्यात चहा उकळून होतो.

मुलाने आधी खेळायला घेतला आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून म्हणाला, “अब्बा, हा खेळ आहे की धडा? नुसतं वाचायचंच आहे.” मास्तराच्या कानाला हे वाक्य गोड लागणारच. मी शेजारी खुर्ची ओढली ती कायमची.

कथा थोडक्यात अशी. तुमच्या गढीखाली झोपलेला एओथास नावाचा देव डोंगराएवढ्या पुतळ्यात शिरून उठतो, गढी चिरडतो, माणसांचे आत्मे शोषून घेतो आणि समुद्रात चालू लागतो. तुम्ही अर्धमेले वाचता, आणि त्याच्या मागावर एक जहाज घेऊन डेडफायर नावाच्या बेटांच्या मुलखात येता. (देव, पुनर्जन्म वगैरे पाहून कुणाच्या कपाळाला आठी पडली असेल तर सांगतो, अलिफ लैला वाचणाऱ्याला जिनांचे वावडे नसते.)

जहाज हा या खेळाचा जीव आहे. खलाशी नेमायचे, त्यांना पगार द्यायचा, पाणी आणि शिधा भरायचा. नुसत्या सुक्या बिस्किटांवर ठेवले तर खलाशी कुरकुरतात आणि बंडावर येतात. चांगले जेवण दिले, लढाई जिंकली, की मूड सुधारतो. वादळ आले, माणूस पाण्यात पडला, जहाजावर भांडण लागले, असे प्रसंग चित्र आणि मजकुराच्या पानांवर येतात आणि काय करायचे ते तुम्ही ठरवता. सिंदबादच्या सफरी ऐकत वाढलेल्या माणसाला याहून काय हवे?

पण लढाई? समोर शत्रूचे जहाज आले की दर्या नाहीसा होतो आणि पडद्यावर एक तक्ता येतो. पुढे जा, वळा, तोफ डागा, पुन्हा वळा. दोनचार वेळा गंमत वाटते, मग आपण सरळ शत्रूच्या जहाजाला भिडून तलवारी काढतो, कारण ते लवकर उरकते. वारा, ओहोटी, उथळ पाणी यांना तिथे फारसे काम नाही. मला राहून राहून १६७९ चे खांदेरी आठवत होते. महाराजांच्या आरमाराचे दौलतखान आणि मायनाक भंडारी यांच्या छोट्या, वल्ह्यांच्या होड्यांनी इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना जेरीस आणले, ते तोफा जास्त होत्या म्हणून नव्हे. वारा पडला की शिडाचे मोठे जहाज जागच्या जागी लटकते आणि वल्ह्याची होडी फिरत राहते. उथळ पाण्यात मोठ्याला शिरता येत नाही, छोट्याला येते. एवढे दोन नियम घातले असते तर त्या तक्त्यात प्राण आला असता. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये ‘राजी’ करून दाखवला. कुणीतरी खांदेरीही मनावर घ्यावी. दौलतखान हे नाव आमच्या मुलांना शाळेत एका ओळीत भेटते आणि पान उलटले की हरवते.

दुसरा दोष मोठा आहे. देव समुद्र तुडवत चालला आहे, जग बुडायची वेळ आली आहे, आणि तुम्ही आठवडा आठवडा कुणाची हरवलेली वस्तू शोधत फिरता. कुणी विचारत नाही. मुख्य कथेचा धागा आखूडही आहे. मधल्या सगळ्या फांद्या त्याहून जाड. शेवट इथे सांगतो, ज्यांना खेळायचे असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. तुम्ही काहीही करा, एओथास जन्ममरणाचे चक्र मोडतोच. मुलगा चिडला. मला त्याचे फार वाटले नाही. काही गोष्टी आपल्या हातात नसतात आणि तरी आपल्या वाट्याचे निर्णय घ्यावेच लागतात, हे मला खटकण्यासारखे वाटत नाही. खटकली ती घाई, शेवट अगदी उरकल्यासारखा येतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. या बेटांची राजधानी नेकेटाका. मूळचे लोक हुआना, त्यांची राणी ओनेकाझा. तिच्या दारात दोन परक्या कंपन्या. एकीला बेटांवरचे चमकते खनिज हवे आहे, दुसरीच्या मागे एका साम्राज्याच्या तोफा आहेत. चौथा गट दर्यावरच्या लुटारूंचा. इतिहास शिकलेल्या माणसाला सुरत, मुंबईच्या वखारी आठवतात आणि मन आपोआप राणीकडे झुकते. खेळ तुम्हाला तसे झुकू देतो, आणि मग शहराच्या तळाशी गलेट नावाच्या वस्तीत नेतो. तिथे रोपारू राहतात. हुआनांत वरचे मातारू, मधले कुआरू, खालचे रोपारू. वरचे आधी जेवतात, मग मधले, उरले ते रोपारूंना. वरचे लोक सांगतात की ही वाटून खाण्याची जुनी रीत आहे. पोटाला चिमटा बसलेले रोपारूही पुष्कळदा तेच सांगतात.

मी लॅपटॉप मिटला तो त्या रात्री उघडलाच नाही.

आपल्याकडे दस्तरख्वान एकच असते, एका ताटात चारजण हात घालतात आणि आपण त्याचा अभिमान सांगतो. तो खोटा नाही. पण निकाहाचा पैगाम आला की पहिला सवाल बिरादरीचा. बागवान, पिंजारी, कसाई, फकीर, कुणाच्या घरात कुणाची मुलगी जात नाही याची यादी आमच्या मोहल्ल्यातल्या लहान पोरालाही पाठ असते. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली तेव्हा ‘इस्लाममध्ये जात नाही’ हे उत्तर त्यांना आपल्याच लोकांनी दिले. ते खरेच आहे. इस्लाममध्ये नाही, आपल्यात आहे. परदेशातल्या एका कंपनीने खेळ काढताना हे इतके नेमके पकडले याचे मला नवल वाटले.

पण पुरते पकडले असेही नाही. चार गट तुमच्याकडे येतात, आमच्या बाजूने या म्हणतात. राणी येते, दोन्ही कंपन्या येतात, लुटारूसुद्धा येतात. रोपारूंचा पाचवा गट नाही. रोपारू तुमच्याकडे येतो तो मागायला. त्यांच्या बाजूने उभे राहायचे तर तुम्ही कुणातरी बड्याशी बोलून त्यांचे थोडे भले करायचे. चारी गटांना नकार देऊन, जहाज भक्कम करून एकट्याने शेवटच्या बेटावर जाता येते, मी तसाच गेलो. गलेटमध्ये त्याने काय बदलले? मला विचाराल तर फारसे काही नाही.

या खेळात नकाशावर नसलेले बेट सापडले की त्याला नाव द्यायची मुभा असते. मुलाने पहिल्याच बेटाला ‘कळंब’ नाव दिले, आम्ही दोघे खूश. दोनतीन बेटांनंतर तोच म्हणाला, “अब्बा, यांना आधी काहीतरी नाव असेलच ना?” जिल्ह्याच्या नावाची पाटी बदलताना पाहिलेला पोरगा तो. मी म्हटले, असेल. त्याने पुढच्या बेटाचे रकाने कोरेच ठेवायचा प्रयत्न केला, पण खेळाला ते चालेना, म्हणून खेळाने सुचवलेले नाव ठेवून आम्ही शीड सोडले.