आधी भरीत, मग वाजंत्री

हल्ली एक नवीच टूम निघाली आहे. रहस्यकथा पुस्तकात वाचायची नाही. ती टपालाने घरी यायची! दर महिन्याला एक लिफाफा. त्यात कुणा बेपत्ता इसमाचे पत्र, वर्तमानपत्राचे पिवळे पडलेले कात्रण, हाताने काढलेला नकाशा, कोपरा जळालेली एखादी पावती. घरच्या मंडळींनी रात्रीची जेवणे आटोपून ते सारे सतरंजीवर मांडावे, आणि गुन्हेगार कोण यावर आपसात भांडावे. विलायत-अमेरिकेत हा छंद चांगलाच फोफावला आहे, आणि आमच्या जळगाव-धुळ्याकडचीही काही घरे त्याच्या नादी लागली आहेत.

मला स्वतःला ही कल्पना मनापासून आवडते. मॅट्रिकपलीकडे न गेलेला मी एक मास्तर. कादंबऱ्या लिहितो, म्हणून लोक लेखक म्हणतात. पत्राची वाट पाहण्यात काय सुख असते ते आमच्या पिढीने अगदी शेवटी शेवटी चाखले. आणि पत्रात केवढे रहस्य दडलेले असते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात एकदा जाऊन यावे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांच्या मागे १९२७ मध्ये हे मंडळ उभे राहिले. गावोगाव पायपीट करून त्यांनी जमवलेल्या कागदांना कुणी पितळी बिल्ला जोडला नव्हता. नुसत्या मोडी अक्षरांनी माणूस खिळून राहतो.

तेव्हा माझे भांडण टपाली रहस्यकथेशी नाही. भांडण आहे ते तिच्यासाठी पैसे जमवण्याच्या एका रीतीशी.

ही रीत अशी. कर्ता आधी जाहीर करतो की, मला अशी अशी कथा पाठवायची आहे, तिला इतका खर्च आहे, वर्गणी द्या. याला क्राऊडफंडिंग म्हणतात. अमेरिकेतल्या ‘किकस्टार्टर’ने २००९ पासून ते जगभर गाजवले, आपल्या भाषेत ती लोकवर्गणीच. इथवर सारे ठीक. पण ठरलेली रक्कम जमली की कर्त्याला चेव येतो. तो म्हणतो, आणखी लाख जमले तर सहाऐवजी सात पत्रे देईन. त्यावर पन्नास हजार जमले तर प्रत्येकाला पितळी बिल्ला. त्याहून वर गेले तर नायिकेच्या आवाजातली ध्वनिफीत! या वाढत्या आमिषांना ‘स्ट्रेच गोल’ असे भारदस्त नाव आहे. मी त्यांना वाढीव टप्पे म्हणतो.

आणि गंमत पाहा, या छंदाचे जे सर्वांत जुने नि निष्ठावंत शौकीन, तेच आता वाढीव टप्पा दिसला की कपाळाला आठ्या घालतात. ‘कथा वेळेवर येईल का, ते आधी सांगा,’ असे विचारतात. त्यावर उत्साही मंडळी त्यांना नाट लावणारे म्हणतात, कृतघ्न म्हणतात. माझे मत स्पष्ट आहे. हे आठ्या घालणारेच शहाणे आहेत, आणि लेखकाचे खरे हितचिंतकही तेच.

अहो, रहस्यकथेच्या वाचकाला संशय घ्यायला शिकवले कुणी? आम्ही लेखकांनीच! दिसेल त्यावर भरवसा ठेवू नकोस, दारामागे डोकावून पाहा, घड्याळातली वेळ ताडून पाहा, हे त्याच्या अंगी आम्हीच मुरवले. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड वाचून महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या संशय घ्यायला शिकल्या. असा वाचक हिशेबाविषयी दोन प्रश्न विचारू लागला, तर तो आपला गुण समजावा की त्याचा गुन्हा?

खानदेशात थंडी पडू लागली की शेतात भरताच्या पार्ट्या झडतात. माणशी वर्गणी काढायची, बामणोदची वांगी आणायची, काड्यांच्या जाळावर भाजायची, सोबत कळण्याची भाकरी. समजा, वीस माणसांचा बेत होता आणि चाळीस आली. वर्गणी दुप्पट जमली. अशा वेळी शहाणा माणूस काय करील? दुप्पट वांगी आणील. पण एखादा उत्साही भाऊ उठतो आणि म्हणतो, ‘पैसे पुष्कळ जमले, वाजंत्री बोलावू!’ वाजंत्री येते, वाजते, आणि पंगतीतली शेवटची दहा माणसे कोरडी भाकरी खाऊन उठतात. वाढीव टप्प्याचे सारे अर्थशास्त्र या वाजंत्रीत आले.

कुणाला हे अलंकारिक वाटेल, म्हणून सरळ पाटीवर गणित मांडतो. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. माणशी वर्गणी ६०० रुपये. सहा पत्रांची छपाई, लिफाफे, टपालखर्च मिळून माणशी ४५० रुपये. लेखन व चित्रे यांचा एकरकमी खर्च ३० हजार. दोनशे वर्गणीदार झाले, तर जमा १ लाख २० हजार. खर्च ९० हजार अधिक ३० हजार, म्हणजे तितकाच. व्यवहार बरोबरीत सुटला. आता चारशे वर्गणीदार आले. जमा २ लाख ४० हजार. खर्च १ लाख ८० हजार अधिक ३० हजार, म्हणजे २ लाख १० हजार. शिल्लक ३० हजार. पण दुप्पट रकमेच्या आनंदात कर्त्याने प्रत्येकाला सातवे पत्र आणि बिल्ला कबूल केला. माणशी १०० रुपये. चारशेंना ४० हजार. शिल्लक होती ३० हजार. म्हणजे दोनशेंवर जो व्यवहार बरोबरीत सुटत होता, तो चारशेंवर १० हजारांनी बुडाला!

यातली मेख अशी की, वाढलेली जमा ही वाढलेली कमाई नसते. नव्या दोनशे माणसांचे पैसे त्यांच्याच सहा पत्रांसाठी आधीच बांधलेले असतात. कर्ता ते मोकळे समजतो, तिथे फसतो. त्यातून टपालाची गोष्ट वेगळीच. साधे पत्र २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांत जाते. त्यात बिल्ला घातला की वजन वाढते, लिफाफा फाटतो, दर बदलतो. शिवाय दर काही आपल्या हातात नसतात. टपालखात्याने २०२४ च्या डिसेंबरात पुस्तकांसाठीची सवलतीची जुनी नोंदणीकृत बुकपोस्ट सेवा बंद केली, आणि मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी सेवा आली. मधल्या महिन्यांत पुस्तके पाठवणाऱ्यांचे काय हाल झाले ते त्यांनाच विचारा. वर्षभर पत्रे पाठवण्याचे वचन देणाऱ्याने असल्या धक्क्यांसाठी गाठीशी काही ठेवायला नको काय? तेच तो बिल्ल्यांत उडवून बसतो.

‘मास्तर, तुम्ही उगाच भिता. पैसा जास्त म्हणजे धोका कमी,’ असे मला एकाने ऐकवले. जगाचा अनुभव उलट आहे. २०१४ साली अमेरिकेत ‘कूलेस्ट कूलर’ नावाच्या पेटीसाठी वर्गणी मागितली गेली. सहलीला न्यायची थंड पेटी; तिलाच सरबत घुसळण्याचे यंत्र आणि गाणी ऐकवणारा कर्णा. मागितले ५० हजार डॉलर. जमले १ कोटी ३२ लाखांहून अधिक! वर्गणीदार ६२ हजारांवर. २०१९ अखेर कंपनी बंद पडली, तेव्हा सुमारे २० हजार लोकांच्या हाती पेटी आलेलीच नव्हती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ईथन मॉलिक यांनी असल्या योजनांचा अभ्यास करून २०१४ साली दाखवून दिले की, वस्तू देऊ करणाऱ्या तीन-चतुर्थांशांहून अधिक योजना वेळ चुकवतात, आणि किती उशीर होणार याचा संबंध जमलेल्या रकमेशी असतो. मागणीपेक्षा फार जास्त जमणे ही जोखीमही असते, ती अशी.

पेटीचे एक वेळ जाऊ द्या. रहस्यकथेत उशिराचा आणि भरतीचा घाव थेट कथेच्या वर्मी बसतो. सहा पत्रांची कथा लेखकाने सहा पत्रांसाठी रचलेली असते. दुसऱ्या पत्रात सुरी, चौथ्यात सुरीवरचे नाव, सहाव्यात उलगडा. मध्येच सातवे पत्र कबूल केले की ते बसवायचे कुठे? मग एखादा फालतू काका घुसतो, एक खोटा माग निघतो, आणि कथेच्या पोटात वायगोळा उठतो. आठवीतला मुलगासुद्धा निबंधाला कागद पुरवण्यासाठी घातलेली वाक्ये ओळखतो. वर्गणीदार ओळखणार नाही?

आणि कथा अर्धीच राहिली तर? चार्ल्स डिकन्सची शेवटची रहस्यकथा, एडविन ड्रूडची, बारा मासिक भागांत यायची होती. १८७० साली सहाच भागांवर तो वारला, आणि खून झाला का, कुणी केला, यावर लोक आजही वाद घालतात. तिथे मृत्यू आडवा आला. त्याला कुणी दोष देत नाही. पण बिल्ल्यांच्या बिलापायी सहावे पत्र निघाले नाही, तर त्या लेखकाला कुणी का माफ करावे?

उत्साही मंडळींचा आणखी एक मुद्दा असतो. आमिषाशिवाय लोक पुढे येत नाहीत म्हणे! आपल्या लोकांचा हा अपमान आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली, ती दर माणशी वर्षाला एक पैसा एवढीच. त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. लोकांपुढे काम एकच होते आणि ते त्यांना पटले होते. डॉ. केतकरांनी ज्ञानकोशासाठी भागीदार आणि वर्गणीदार मिळवले. खंड मात्र कबूल केल्याप्रमाणे निघत राहिले, २३ खंड पुरे झाले, आणि म्हणूनच ते नाव आजही आदराने घेतले जाते. मराठी वाचकाने प्रकाशनपूर्व सवलतीत आजवर जे पैसे भरले, ते याच भरवशावर.

हा भरवसा हीच आमची खरी पुंजी. ती एकाची नव्हे, साऱ्यांची आहे. एका हौशी माणसाने बिल्ल्यांच्या नादात तीनशे घरांची वर्गणी बुडवली, तर त्याचे फार तर नाव जाते. पण पुढच्या वर्षी एखादी एरंडोलची किंवा पारोळ्याची होतकरू लेखिका प्रामाणिकपणे वर्गणी मागायला उभी राहील, तेव्हा तिच्या तोंडावर दारे लागतील. मलाही काही तरुण मित्र टपाली कादंबरीचा आग्रह करीत आहेत, आणि त्यांच्या कागदावर पाच वाढीव टप्पे आधीच आखलेले आहेत. त्यांना मी जे सांगितले तेच इथे छापून टाकतो.

पहिले पत्र मागण्याआधी शेवटचे पत्र लिहून तयार असावे. जास्त वर्गणी आली तर तीच पत्रे जास्त घरी वेळेवर पोहोचवावीत. शिल्लक उरलीच, तर आधी टपालात गहाळ होणाऱ्या पत्रांच्या दुसऱ्या प्रती काढाव्यात, मग चित्रकाराला दोन पैसे अधिक द्यावेत, कागद बरा वापरावा. जमाखर्च शेवटच्या पत्राबरोबर छापून द्यावा. आणि बिल्ला द्यायचाच असेल, तर तो उलगडा घरोघर पोहोचल्यावर, उरल्या पैशांतून, न सांगता द्यावा. अशा बिल्ल्याची किंमत मोठी असते. त्याला भेट म्हणतात.

आणि वाचकहो, तुम्ही आपला संशय सोडू नका. यंदा कुणी टपाली कथेची वर्गणी मागायला आला, तर बिल्ला कसला आहे हे विचारू नका. शेवटचे पत्र लिहून झाले आहे का, एवढेच विचारा. तो ‘हो’ म्हणाला, तर खुशाल पैसे भरा. तो वाढीव टप्प्यांचा तक्ता उघडू लागला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.