पाखाडीखाली थांबलेला कायदा

पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या सिंधुदुर्गाचे वैभव म्हणून मिरवल्या जातात. त्यांच्यातील परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, याचा आम्हालाही आनंद आहे. परंतु त्याच समाजातील जो माणूस पायाने अधू आहे, जी मुलगी अंध आहे, त्यांची दखल कोण घेतो? आमचा सवाल हा आहे.

या माणसाला सरकारदरबारी दोनदा सिद्ध व्हावे लागते. एकदा आदिवासी म्हणून, एकदा अपंग म्हणून. ठाकर जमातीवरचे क्षेत्रबंधन 1976 च्या दुरुस्ती कायद्याने उठले. संशय मात्र उठला नाही. महाराष्ट्राच्या 2000 सालच्या जातपडताळणी कायद्याने पुराव्याचा भार दावेदाराच्याच डोक्यावर ठेवला. रूढी-परंपरा जुळण्याची कसोटी एकट्याने निर्णायक मानता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात 24 मार्च 2023 रोजी सांगावे लागले.

दुसरी फेरी वैद्यकीय मंडळाची. ज्याचे पाय चालत नाहीत त्यानेच पाखाडी उतरावी, साकव ओलांडावा, एसटी गाठावी आणि आपल्याला चालता येत नाही हे सिद्ध करावे! हा न्याय की थट्टा?

2011 च्या जनगणनेत अपंगांचे प्रमाण अनुसूचित जातींत 2.45 टक्के, तर जमातींत 2.05 टक्के नोंदले गेले. डोंगरकपारीत दवाखाना नसलेला समाज अधिक धडधाकट कसा? मोजणाऱ्याची नजर वाडीपर्यंत पोचते का, अशी शंका आम्हाला येते.

कायदा कमी नाही. 2016 च्या कायद्याने गरिबी निर्मूलनाच्या योजनांत अपंगांना 5 टक्के आरक्षण आणि अपंग स्त्रियांना अग्रक्रम दिला. अंध दलित तरुणीवरील अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली मान्य केले, की जात, स्त्रीत्व आणि अपंगत्व यांचा जाच एकत्र मिसळून येतो. सरकारी कचेरीत मात्र आदिवासी एका खिडकीवर आणि दिव्यांग दुसऱ्या! 'अपंग'चे 'दिव्यांग' झाले. पाखाडीला साधा कठडाही लागला नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. जातीचा आणि अपंगत्वाचा दाखला देणारे अधिकारी एकाच दिवशी, एकाच शिबिरात वाडीवर आले पाहिजेत. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातून अपंगांसाठी राखायच्या 5 टक्के निधीचा हिशेब ग्रामसभेत जाहीर वाचला पाहिजे. चळवळीच्या कार्यकर्त्यांनी तो हिशेब उभे राहून मागावा आणि ज्याला उभे राहता येत नाही त्याला सभेत आणून पुढे बसवावे.

राजकीय समतेला सामाजिक समतेची जोड मिळाली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल, हा इशारा बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिला. मताचा अधिकार मिळालेला माणूस दाखल्यासाठी दुसऱ्याच्या पाठीवर बसून जात असेल, तर ही समता अजून पाखाडीखालीच थांबली आहे. ती वर चढवणे हे सरकारचे काम आहे. त्या माणसाने खाली उतरण्याची वाट पाहणे नव्हे.