कुंपणावरचा मोगली एरंड
गुरे तोंड लावीत नाहीत म्हणून नवापूरसारख्या गावांत मोगली एरंड कुंपणाला लावतात. मुलांना मात्र त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात. त्याचे पान तीन ते पाच उथळ कोनांचे, फळ गुळगुळीत आणि आत बहुधा तीन काळ्या बिया असतात. साध्या एरंडाचे पान पंजासारखे खोल विभागलेले, फळ बहुधा काटेरी, बी ठिपकेदार. दोन्ही बिया विषारीच.

बी खाल्ल्यावर उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू होते. पण त्रासाची वाट पाहू नये. मीठपाणी पाजून ओकारी काढू नये. मुलाला तत्काळ दवाखान्यात न्यावे, सोबत पान व फळही आणावे. या विषावर उतारा नाही. मात्र मोगली एरंडाच्या बाधेत वेळीच सलाइन मिळाल्यास बहुतेक मुले बरी होतात.