गाडीचा ‘गजनी’ कोणी केला?

मागच्या शनिवारी आमच्या गाडीचा स्मृतिभ्रंश झाला. खरं तर तो कारखान्यातून बाहेर पडतानाच तिच्या नशिबी लिहिलेला होता, शनिवार फक्त निमित्त.

झालं असं की मोऱ्याला मावशीच्या दारात गाडी लावून मी लाँचने भाऊच्या धक्क्याला गेलो, आणि एका दिवसाचं काम दहा दिवसांवर गेलं. (अटल सेतू असताना लाँच कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी: टोल वाचतो, वारा लागतो, आणि ओहोटीला गाळामुळे लाँच अडली की मनसोक्त शिव्या घालता येतात.) परत येऊन चावी फिरवली तर नुसतं टक टक टक. बॉनेट उघडलं. टर्मिनलवर हिरवट-पांढरा चुरा साचलेला. समुद्राकाठची खारी हवा आणि चार वर्षांची बॅटरी, यात नवल काहीच नाही.

उरणहून एक मेकॅनिक स्कूटरवर नवी बॅटरी घेऊन आला. माणूस चांगला, हात स्वच्छ. पाना लावण्याआधी त्याने विचारलं, "साहेब, मेमरी ठेवायची का जाऊ द्यायची? ठेवायची तर तीनशे एक्स्ट्रा."

या वाक्याने मी आठवडाभर अस्वस्थ आहे. मेमरी ठेवायची का जाऊ द्यायची! मी रोज पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. उद्या क्लायंटला सांगितलं, "सर्व्हरची वीज बदलताना तुमचा डेटा ठेवायचा का जाऊ द्यायचा, ठेवायचा तर तीनशे एक्स्ट्रा", तर दुसऱ्या दिवशी मी नोकरी डॉट कॉमवर असेन. इथे मात्र मी मुकाट्याने तीनशे काढून दिले.

त्याने खिशातून एक डबी काढली. आत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, बाहेर सिगरेट लायटरच्या भोकात घालायचा प्लग. घातला, जुनी बॅटरी काढली, नवी बसवली, गाडी सुरू. घड्याळात १२:००. ड्रायव्हरच्या बाजूची काच एका टिचकीत वर जायची, ती अर्ध्यातच थांबायला लागली. आणि म्युझिक सिस्टिमने चार आकडी कोड मागितला. गाडी सेकंडहँड. कोडचं कार्ड पहिल्या मालकाच्या कुठल्या फायलीत असेल ते देव जाणे. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर आरसी बुक घेऊन या, ओळखपत्र आणा, बाराशे रुपये लागतील, आणि सोमवारी या.

म्हणजे माझीच गाडी, माझाच रेडिओ, आणि मी चोर नाही हे मीच सिद्ध करायचं. तेही पैसे भरून.

आता त्या डबीचं. मेकॅनिकला दोष देत नाही, त्याला कुणीतरी ती विकली, त्याने वापरली. पण साधा हिशोब बघा. गाडी पूर्ण झोपलेली असताना साधारण २० ते ५० मिलिअँपिअर खाते. ९ व्होल्टच्या सेलमध्ये असतात जेमतेम ५०० मिलिअँपिअर-तास. कागदावर दहा तास सहज निघतात. पण बऱ्याच गाड्यांमध्ये लायटरचा सॉकेट चावी बंद असताना मेलेला असतो, म्हणजे डबी कशालाच जोडलेली नसते. म्हणून चावी अ‍ॅक्सेसरीवर ठेवली तर रेडिओ, डिस्प्ले सगळं जागं होतं आणि मिलिअँपिअरचा हिशोब अँपिअरमध्ये जातो. कुणी दार उघडलं की वरचा दिवा लागतो. त्या बिचाऱ्या सेलला हे झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं, आणि मेमरी गेली ती गेलीच.

यापेक्षा बरा उपाय आहे. स्टिअरिंगखाली ओबीडीचा १६ पिनांचा सॉकेट असतो. त्यातल्या १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचा प्लस कायम असतो, ४ नंबरवर ग्राउंड. तिथे फ्यूज आणि डायोड असलेल्या वायरीने १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची यूपीएसची बॅटरी लावायची. चावी काढलेली, दारं लावलेली. मेमरी राहते. पण हे करताना एक गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून मी ओरडून सांगतो: बॅटरी काढली तरी प्लसची पट्टी जिवंतच असते! ती बॉडीला टेकली की ठिणगी आणि फ्यूज, नशीब खराब असेल तर आणखी काही. एरवी आपण आधी निगेटिव्ह काढतो आणि बसवताना तो शेवटी लावतो, तो याचसाठी, की पाना चुकून बॉडीला लागला तरी सर्किट पूर्ण होऊ नये. मेमरी वाचवायच्या नादात आपण हीच सुरक्षा काढून टाकतो. तेव्हा ती पट्टी रबराच्या जुन्या हातमोज्यात गुंडाळून ठेवा. आणि एअरबॅगच्या आसपास काम असेल तर मेमरी गेली खड्ड्यात, वीज पूर्ण तोडा.

पण थांबा. मी हे सगळं तुम्हाला का सांगतोय? इथेच तर फसवणूक आहे. जी चूक गाडी बनवणाऱ्याची, ती निस्तरण्याची युक्ती आपण एकमेकांना शिकवतो आणि वर स्वतःला हुशार समजतो. मीही त्यातलाच.

बॅटरी बदलणं म्हणजे अपघात नाही. तीन-चार वर्षांनी प्रत्येक गाडीत ते होणारच, गाडी पंधरा वर्षं टिकली तर तीन-चार वेळा होणार. डिझाइन करणाऱ्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. ज्या गोष्टीची तारीखसुद्धा साधारण ठाऊक आहे, तिच्यात माहिती हरवते, याला आमच्या धंद्यात बग म्हणतात. मॅन्युअलच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरात छापला म्हणून तो फीचर होत नाही.

आणि तंत्रज्ञान नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली १९८४ साली. वीज गेली तरी न विसरणारी मेमरी. त्याच वर्षी आलेल्या आयबीएमच्या पीसी एटीमध्ये घड्याळ आणि सेटिंग्ज जपायला वेगळी छोटी बॅटरी होती. तुमच्या घरातला जुना पीसी वर्षभर माळ्यावर पडला तरी त्याला तारीख आठवते, कारण मदरबोर्डवर रुपयाएवढा सेल असतो. लाखो रुपयांच्या गाडीत तो बसवायला जागा नाही?

गंमत म्हणजे गाडीलाही न विसरणं जमतं. बॅटरी काढल्यावर किलोमीटरचा आकडा गेला का? नाही. चावीची ओळख, म्हणजे इमोबिलायझर, विसरला का? नाही. या गोष्टी ईईप्रॉममध्ये पक्क्या कोरलेल्या असतात. ज्या माहितीत कायद्याचा किंवा कंपनीचा जीव अडकलाय ती राहते. जिच्यात फक्त तुमचा जीव अडकलाय (रेडिओ स्टेशनं, काचांची हद्द, ट्रिप मीटर) ती जाते.

माझा एक मित्र ऑटोमोटिव्हमध्येच काम करतो. तो म्हणाला, अरे बाबा, ईईप्रॉमवर लिहिण्याला मर्यादा असते, साधारण एक लाख वेळा. इंजिनचा कॉम्प्युटर इंधनाचं प्रमाण, आयडलिंग वगैरे सतत शिकत असतो. ते क्षणाक्षणाला लिहीत बसलो तर चिप महिन्याभरात मरेल. मुद्दा बिनतोड वाटतो. पण क्षणाक्षणाला लिहायला सांगितलंय कोणी? चावी बंद केल्यावर एकदा लिहा. दिवसातून दहा वेळा गाडी बंद केली, वर्षाचे ३६५ दिवस, पंधरा वर्षं, तर होतात ५४,७५०. लाखाच्या आत आहे की नाही? चावी काढल्यावर काही सेकंद रिले धरून ठेवायचा, लिहून घ्यायचं आणि मग झोपायचं, असं करणाऱ्या गाड्या रस्त्यावर आहेतही. मित्र यावर "कॉस्ट" म्हणाला आणि चहा पिऊ लागला. तेच म्हणतोय मी. खर्च त्यांचा वाचतो, तीनशे आणि बाराशे माझे जातात.

एक कबूल करायला हवं: या भीतीचा बाजारही झालाय. ‘कॉम्प्युटर उडेल’ असं सांगून लोकांना घाबरवतात. तसं काही उडत नाही. इंजिनने शिकलेलं गेलं तर थोडे दिवस आयडलिंग वरखाली होईल, नेहमीसारखी गाडी चालवलीत की ते पुन्हा शिकेल. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की बहुतेक गाड्यांत तिला हद्द आठवते. स्थिरतेचा पिवळा दिवा लागला तर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, बऱ्याच गाड्यांत जातो. म्हणजे तीनशे रुपयांची डबी घ्यायची गरज बहुतेकांना नाहीच. गरज असते ती फक्त कोडवाल्यांना.

तो कोड मात्र शुद्ध मुजोरी आहे. रेडिओ उपटून नेणाऱ्या चोरांसाठी तो निघाला, ठीक. पण आता सिस्टिम डॅशबोर्डच्याच मापात घडवलेली असते, दुसऱ्या गाडीत बसत नाही. चोराला तिचा उपयोग नाही, आणि शिक्षा होते ती बॅटरी बदलणाऱ्याला. रेडिओने इमोबिलायझरला विचारावं ना, की ही तीच गाडी का? दोघं एकाच वायरीवर बोलत असतात.

आता तर पुढची पायरी आलीय. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या काही गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असतो आणि नवी बॅटरी घातल्याचं स्कॅनरने गाडीला कळवावं लागतं, नाहीतर ती नव्या बॅटरीलाही म्हातारी समजून वागवते. स्कॅनर कोणाकडे? अधिकृत वर्कशॉपकडे. उरणच्या स्कूटरवाल्याने काय करायचं? ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मेकॅनिकला मिळत नाहीत, ती मिळाली पाहिजेत, हाच मुद्दा होता. पुढे अपिलं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, त्यात मोटारीही आहेत. चांगलंच आहे. पण त्या हक्कात ‘बॅटरी बदलल्यावर गाडी जशी होती तशी राहील’ एवढं एक कलम घाला, म्हणजे झालं. टाइप अ‍ॅप्रूव्हलच्या वेळी गाडीची बॅटरी काढा, तासाभराने लावा, आणि काय काय हरवलं त्याची यादी गिऱ्हाइकाला शोरूममध्येच दाखवा. बघू किती जण ती यादी मोठी ठेवतात.

त्या दिवशी मेकॅनिक गेल्यावर बंदरावर जाऊन बसलो होतो. एक नाखवा होडीतून बॅटरी उतरवत होता, चार्जिंगला न्यायला. होडीवर जीपीएस होतं, त्यात जाळं अडकतं त्या खडपांच्या खुणा साठवलेल्या. मी विचारलं, बॅटरी काढल्यावर खुणा जात नाहीत का? त्याने माझ्याकडे जरा कीव करून पाहिलं.

"त्याच्या पोटान हाय सगला. नाय इसरत त्ये."

दर फेरीला बॅटरी निघते, आणि काही विसरत नाही. विसरलं तर जाळं फाटेल आणि ते यंत्र तो दुकानदाराच्या टाळक्यात घालेल, हे बनवणाऱ्याला माहीत आहे. आपण मात्र आरसी बुक घेऊन सोमवारी रांगेत उभे राहतो.

मी राहिलो नाही. कोडसाठी बाराशे देणार नाही, असं सर्व्हिस सेंटरला लेखी कळवलंय, आणि गाडीच्या किमतीतच आलेला रेडिओ चालू करून देण्याचे वेगळे पैसे कुठल्या नियमाने घेता, हेही विचारलंय. तोपर्यंत गाडीत गाणी बंद. बायको म्हणते, तेवढीच शांतता :)