विषाचा फवारा आणि मजुराचा जीव

सन 2017 सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. डोक्याएवढी कपाशी, उलटा वारा आणि अंगांत फाटकी बंडी. विष नाकातोंडांत जाईल नाहीं तर काय? वर शहाणे म्हणाले, मजूर अडाणी, त्यानेंच काळजी घेतली नाहीं! आम्ही विचारतों, फवारणाऱ्याच्या अंगावर संरक्षक कपडे असावेत असें 1971 च्या कीटकनाशक नियमांत लिहिलें आहे; ते कपडे त्याला दिले कोणीं? शेतकरी बंधूंनो, मजूर आपलाच भाऊ आहे. त्याच्या पाठीवर पंप देण्याआधीं हातमोजे व मुखपट्टी द्या, वाऱ्याकडे तोंड करून फवारूं देऊं नका. आणि सरकारानें विषाच्या डब्याबरोबर हें साहित्य देणें विकणाऱ्यास भाग पाडावें.