पेन्शनच्या रांगेतला शिपाई

नोव्हेंबर आला की बँकेच्या शाखेत पेन्शनरांची रांग लागायची. हयातीच्या दाखल्याचा महिना तो. माणूस समोर धडधडीत उभा असताना 'मी जिवंत आहे' असे त्याच्याकडून लिहून घ्यायचे आणि खाली आपण साहेब म्हणून सही ठोकायची. आधी पेणला आणि मग रोह्याला मी हे काम वर्षानुवर्षे केले.

रोह्याच्या शाखेत 1986 साली एक म्हातारा यायचा. एका पायाने अधू. लष्कराचे अपंगत्वाचे पेन्शन. त्याच्या वयाचे बाकीचे शाईच्या पॅडकडे अंगठा नेत. हा पेन मागून घ्यायचा आणि रोमन लिपीत, एकेक अक्षर कोरल्यासारखी सही करायचा. एकदा मी थट्टेने विचारले, "बाबा, इंग्रजी येतं वाटतं?" तो म्हणाला, "नाय सायेब. पलटणीत शिकवली सही. इटलीला होतो." मागे दहा माणसे खोळंबली होती. मी पासबुक परत केले आणि पुढच्याला बोलावले. दोन वर्षांनी त्याचा मुलगा मृत्यूचा दाखला घेऊन आला, तेव्हा खात्याच्या पानावर लाल शाईने शेरा मारणाराही मीच.

इंग्रजांच्या हिंदी फौजेत शिपायांना हिंदुस्थानी भाषा रोमन अक्षरांत शिकवीत, हे पुढे फार उशिरा माझ्या वाचनात आले. त्या दिवशी ती सही डोळ्यांपुढे आली आणि, खरे सांगतो, ओशाळलो.

आपल्या जिल्ह्यातून इटलीत लढायला गेलेला एक शिपाई मात्र कागदावर उतरला. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि घाडग्यांच्या हाताखालची सगळी तुकडी मेली किंवा जखमी झाली. सोबत यायला कुणी उरले नाही हे ठाऊक असून ते एकटे धावून गेले. हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही बंद पाडले. टॉमीगनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा नळीकडून बंदूक धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जिंकलेल्या त्याच ठाण्यात ते गेले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस पत्नी लक्ष्मीबाईंच्या हाती आला.

हे एवढे बारकाईने आपल्याला माहीत आहे, कारण पदक द्यायचे तर शिफारस लिहावी लागते. त्या काही मिनिटांच्या अलीकडची बावीस वर्षे कुणी लिहिली नाहीत. जुलैची दहा तारीख म्हणजे आपल्याकडे भातलावणीचा भर. पळसगावच्या शेतात त्या दिवशी कोण वाकले होते?

योगायोग असा, की त्याच जुलै महिन्यात रोह्याच्या देशमुख घराण्यातले चिंतामणराव, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, अमेरिकेत ब्रेटन वुड्सच्या परिषदेत हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात बसले होते. देशाबाहेर लढणाऱ्या हिंदी फौजेच्या खर्चाचा मोठा वाटा ब्रिटनने उचलायचा, असे 1939 साली ठरले होते. ते पैसे लंडनला स्टर्लिंगमध्ये साचत चालले होते आणि ते परत कसे मिळणार, हा प्रश्न आपल्या लोकांनी तिथे लावून धरला. बँकवाल्याच्या नजरेने पाहिले तर घाडग्यांच्या टॉमीगनमधली गोळीसुद्धा त्याच हिशेबात बसते. चिंतामणरावांनी पुढे आत्मचरित्र लिहिले. त्यांचा काळ आपल्याला त्यांच्याच शब्दांत वाचता येतो. इटलीत आपले पन्नास हजारांवर सैनिक लढले, 5,782 तिथेच राहिले. त्यांच्या शब्दांतले आपल्या हाती काय आहे?

अमेरिकेत पेन्शननेच हे काम केले, ही मोठी नवलाची गोष्ट. इंग्रजांविरुद्धच्या त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धात पगारी फौजेबरोबर गावोगावचे शेतकरीही लढले. दोन-चार महिने बंदूक, की पुन्हा नांगर. त्यांची धड नोंद नव्हती. 1832 च्या कायद्याने त्यांना पेन्शन द्यायचे ठरले तेव्हा अट घातली, की म्हाताऱ्याने न्यायालयात उभे राहून शपथेवर आपली चाकरी सांगावी. कधी निघालो, कप्तान कोण, कुठे लढलो. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी फुलीची निशाणी केली, पण हकिकत कारकुनाने लिहून घेतली. आज त्यांचे वंशज खापरपणजोबांची मोहीम त्या कागदांत वाचतात. कारकुनाने विचारले, एवढाच काय तो फरक. मीही कारकुनीच करीत होतो!

2023 च्या जुलैमध्ये इटलीतल्या मोंटोने गावी घाडग्यांचे स्मारक उभे राहिले. सूर्याच्या सावलीवर वेळ दाखवणारे घड्याळ आहे ते. माणगावात त्यांचा पुतळा आहेच. चांगलेच झाले. पण माझा जीव अडकतो तो बिनपदकाच्या माणसांत. 1944 चे शिपाई आता गेले. 1971 चे अजून आहेत, सत्तरी उलटून गेलेले. 1965 चेही काही असतील. 2014 पासून हयातीचा दाखला यंत्रावर बोट टेकवून घरबसल्याही देता येतो. सोय झाली, यात शंका नाही. फक्त वर्षातून एकदा समोर येणारा म्हातारा आता समोर येईलच असे नाही.

तेव्हा पेण, रोहा, माणगावच्या शाळांनी दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या पोरांना एकेक वही देऊन आपापल्या गावच्या फौजी आजोबांकडे पाठवावे. शौर्य विचारू नये. ते कुणी सांगत नाही. भरतीला कुणाबरोबर गेलात, घरी काय सांगून निघालात, पहिल्या पगाराचे काय केलेत, पत्र कोण लिहून द्यायचे, पावसात लावणीची आठवण यायची का, एवढे विचारावे. आणि शेवटी त्यांच्या हातात पेन द्यावे. सही कोणत्या लिपीत होते, ते बघावे.