आधी पडायला शिका

पुढच्या महिन्यात आमच्या रोलर डर्बी लीगमधे नवीन भरती आहे, आणि नव्या मुलींना द्यायचं वेलकम पॅकेट लिहायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय.

ज्यांना हा खेळ माहीत नाही (म्हणजे आमचे निम्मे नातेवाईक!) त्यांच्यासाठी थोडक्यात. लंबगोल ट्रॅकवर चार चाकी स्केट घालून दोन संघ फिरतात, प्रत्येकी पाच जणी. हेल्मेटवर चांदणी असलेली ती जॅमर, बाकी चौघी ब्लॉकर. जॅमरने एकदा घोळक्यातून वाट काढायची आणि पुढच्या फेरीपासून समोरच्या जितक्या जणींना मागे टाकेल तितके गुण. ब्लॉकरनी तिला खांद्याने, कमरेने अडवायचं. कबड्डीतली चढाई आठवा, फक्त पायाखाली चाकं! १९३५ मधे शिकागोत लिओ सेल्टझरने रोलर डर्बी सुरू केली. आम्ही खेळतो तो बायकांनी स्वतः चालवलेला अवतार मात्र २००१ च्या सुमारास टेक्सासमधे, ऑस्टिनला जन्मला.

तर, जुनं पॅकेट काढून वाचलं. बारा पानं. इतिहास, नियम, पेनल्टींची यादी, टोपणनाव कसं निवडावं.. आणि शेवटच्या पानावर तळाशी एक ओळ: खेळताना दुखापत होऊ शकते.

माझं म्हणणं असं की ही ओळ पहिल्या पानावर हवी, आणि एक ओळ नको, पूर्ण पान हवं. नियम काय, सरावात कळतातच. पण स्केट, हेल्मेट, माउथगार्ड, गुडघ्या-कोपराचे पॅड, मनगटाचे गार्ड आणि दर महिन्याची वर्गणी मिळून किती पैसे जातात, हाड मोडलं तर स्वतःच्या विम्यातून काय मिळेल हे आधीच का विचारून ठेवावं, ट्रॅकच्या पट्ट्या चिकटवण्यापासून तिकिटं विकण्यापर्यंत सगळं आपणच करायचं असतं.. हे कोणी सांगत नाही. लगेच पुढच्या पानावर पडायचं कसं ते. गुडघ्याच्या पॅडवर पडा, हातपाय आवळून घ्या, मुठी मिटा (नाहीतर मागचीचं चाक बोटांवरून जातं), आणि लगेच उठा.

मीटिंगमधे एक जण म्हणाली, "हे वाचून कोणी येणारच नाही." खरं सांगायचं तर तिचं अगदीच चूक नाही. मी स्वतः असं पान वाचलं असतं तर आले असते का, शंकाच आहे. आणि आले नसते तर आयुष्यातली सगळ्यात चांगली चार वर्षं हुकली असती. पण तिसऱ्या महिन्यात माझा घोटा मोडला, तेव्हा हाडापेक्षा जास्त दुखलं ते बिल. डिडक्टिबल हा शब्द मला बिल हातात पडल्यावर कळला. माझ्याबरोबर आलेली एक मुलगी माझी ती अवस्था पाहून सोडून गेली. ती भित्री नव्हती. तिला फसवल्यासारखं वाटलं होतं. आधी सांगितलं असतं तर कदाचित विचार करून, तयारीने आली असती आणि टिकली असती.

घाबरून न येणारी आणि फसवलं म्हणून जाणारी, यातली दुसरी मला जास्त लागते.

काल रात्री ते पहिलं पान लिहून पूर्ण केलं, आणि मग लक्षात आलं की दुसऱ्यांना खरं सांगा म्हणणारी मी, घरी काय सांगितलं होतं? "पाय मुरगळलाय जरासा."

आई, तू हे वाचतेस ते माहीत आहे. मुरगळला नव्हता गं, मोडला होता. आता बरा आहे. रविवारी फोन करते, तेव्हा रागव.